सिरपची बाटली आणि १८० माणसं : एल्डरबेरीवरचे पेपर वाचताना

रिसर्च मेथडॉलॉजीच्या प्रत्येक पुस्तकात लिटरेचर रिव्ह्यूचं एक प्रकरण असतं. पेपर कुठे शोधायचे, कसे साठवायचे, संदर्भ कसे लिहायचे, सगळं त्यात असतं. पण सापडलेल्या पेपरला उलटे प्रश्न कसे विचारायचे, हे सहसा नसतं. आज ते आपण एका उदाहरणावर करून बघू. उदाहरण मुद्दाम परक्या मुलखातलं घेतलंय. हळद, आवळा, तुळस म्हटलं की आपण वाचायच्या आधीच कुठल्यातरी बाजूचे झालेलो असतो. एल्डरबेरीबद्दल आपल्यापैकी बहुतेकांचं काहीच मत नाही, त्यामुळे डोकं शांत ठेवून वाचता येईल.

आधी ओळख करून घेऊ. युरोपात ऑगस्ट संपत आला की शेतांच्या कडेला, रस्त्यालगतच्या झाडीत एल्डर नावाच्या मोठ्या झुडपाला फळांचे घोस लागलेले दिसतात. फळं काळी-जांभळी, मिरीपेक्षा थोडी मोठी. शास्त्रीय नाव सॅम्ब्युकस नायग्रा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक टोपल्या घेऊन निघतात, घोस कापून आणतात, जेवणाच्या काट्याने विंचरल्यासारखं करून फळं देठांपासून सोडवतात. मग ती पाण्यात शिजवायची, गाळायची, साखर किंवा मध घालायचा. कुणी लवंग टाकतं, कुणी आलं, कुणी दालचिनी. हिवाळ्यासाठी बाटल्या भरून ठेवायच्या आणि सर्दी-ताप आला की चमचा-चमचा घ्यायचं. आपल्या काढ्याचा चुलतभाऊच म्हणा.

आता समजा तुम्हाला प्रश्न पडला, की याने फ्लू खरंच लवकर बरा होतो का? तुम्ही डेटाबेसमध्ये शोधता आणि २०१९ची एक मेटा-ॲनालिसिस हाताला लागते. 'कॉम्प्लिमेंटरी थेरपीज इन मेडिसिन' या जर्नलमधली. एल्डरबेरी श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या तक्रारींवर परिणामकारक आहे, असं तिचं शीर्षकच सांगतं. सगळ्या ट्रायल रँडमाइज्ड, कंट्रोल्ड. एकूण सहभागी १८०. परिणाम 'मोठा'. सारांशात तर असंही सुचवलंय की साध्या सर्दी-फ्लूसाठी डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना हा कदाचित जास्त सुरक्षित पर्याय ठरू शकेल.

पुराव्यांच्या उतरंडीत मेटा-ॲनालिसिस सगळ्यात वर, हे आपण पाठ केलेलं असतं. त्यामुळे बहुतेक जण इथे एक ओळ लिहितात, कंसात वर्ष टाकतात आणि पुढे जातात. आपण मात्र इथेच थांबू आणि एक साधी बेरीज करू.

१८० कसे झाले?

या मेटा-ॲनालिसिसमध्ये चार ट्रायल आहेत. पहिली १९९५ची, इस्रायलमधली. एका किबुत्झमध्ये इन्फ्लुएंझा बी पसरला होता तेव्हा केलेली. विश्लेषणात माणसं २७. दुसरी २००४ साली छापून आलेली, नॉर्वेमधली, ६० रुग्ण. तिसरी २००९ची, चीनमधली, ६४ रुग्ण. या तिन्हींची बेरीज १५१. चौथी २०१६ची, ऑस्ट्रेलियातून परदेशी जाणाऱ्या विमान प्रवाशांवरची. तिच्यात सहभागी होते ३१२.

मग बेरीज ४६३ व्हायला हवी. १८० कशी?

उत्तर चौथ्या ट्रायलमध्ये आहे. ३१२ प्रवाशांपैकी सर्दी झाल्याच्या घटना प्लासिबो गटात १७ आणि एल्डरबेरी गटात १२. म्हणजे २९. आता १५१ अधिक २९ करा. बरोबर १८०. एल्डरबेरी घेतलेल्यांची संख्या तपासा : १५, ३०, ३२ आणि १२, म्हणजे ८९. कंट्रोल : १२, ३०, ३२ आणि १७, म्हणजे ९१. छापलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळतं.

यात लपवाछपवी काही नाही. आजार किती दिवस टिकला हे मोजायचं असेल तर आजारी पडलेलेच मोजणार, हे उघड आहे. पण त्यामुळे काय झालं ते नीट समजून घ्या. रँडमायझेशन झालं ते ३१२ जणांचं. चिठ्ठी टाकून गट पाडले की वय, प्रकृती, झोप, सवयी, सगळं दोन्ही गटांत सरासरीने सारखं वाटलं जातं, आणि ट्रायलची सगळी ताकद या एका गोष्टीत असते. नंतर त्यातून फक्त आजारी पडलेले २९ उचलले की ते संरक्षण गेलं. ते २९ चिठ्ठीने निवडले गेलेले नाहीत. ते आजाराने निवडलेत, आणि एका गटात कॅप्सूलचाही त्या निवडीत हात असू शकतो. या ट्रायलमध्ये लोक प्रवासाच्या आधीपासूनच कॅप्सूल घेत होते. समजा, कॅप्सूलने काही विशिष्ट प्रकारच्या सर्द्या टाळल्या, तर त्या गटात उरलेले आजारी लोक वेगळ्याच जातीचे असतील. मग १२ विरुद्ध १७ ही तुलना नक्की कशाची कशाशी?

मेटा-ॲनालिसिसच्या शीर्षकातला 'रँडमाइज्ड' हा शब्द या २९ जणांना लागू होत नाही. हे कळायला स्टॅटिस्टिक्सची पदवी लागत नाही, बेरीज पुरते.

चार ट्रायल, चार वेगळ्या गोष्टी

आता एकेक ट्रायल जवळून बघू.

१९९५च्या पेपरचा निकाल असा सांगितला जातो : सिरप घेणाऱ्या ९३.३ टक्के रुग्णांना दोन दिवसांत लक्षणीय आराम पडला, तर कंट्रोल गटातल्या ९१.७ टक्के रुग्णांना तेवढा आराम पडायला सहा दिवस लागले. दशांश चिन्ह दिसलं की आपल्याला अचूकतेचा भास होतो. पण गट किती मोठे होते? १५ आणि १२. म्हणजे १५ पैकी १४, आणि १२ पैकी ११. एका माणसाने 'बरं वाटतंय'ऐवजी 'अजून नाही' म्हटलं असतं तर ९३.३चे ८६.७ झाले असते. एकेक माणूस जवळजवळ सात टक्क्यांचा आहे. अशा ठिकाणी टक्केवारी न लिहिता '१५ पैकी १४' लिहिणं जास्त प्रामाणिक. शिवाय हे सिरप ज्यांनी विकसित केलं त्या विषाणूशास्त्रज्ञ स्वतः या पेपरच्या लेखकांपैकी एक आहेत. एवढ्यावरून निकाल खोटा ठरत नाही. पण पुढची ट्रायल कुणीतरी तटस्थ माणसाने करायला हवी, ही गरज त्यातून नक्की ठरते.

याच पेपरचा दुसरा भाग प्रयोगशाळेतला आहे. अर्काने इन्फ्लुएंझाच्या विषाणूंना पेशींच्या कल्चरमध्ये रोखलं. हे वाक्य पुढे शेकडो ठिकाणी फिरतं. पण कल्चरच्या डिशमध्ये अर्क थेट पेशींवर पडतो. माणसाच्या बाबतीत तो आधी पोटात जातो, तिथून आतड्यात, आणि एल्डरबेरीला रंग देणाऱ्या अँथोसायनिनचा फारच थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोचतो. डिशमधल्या निकालावरून माणसाबद्दल प्रश्न सुचावा, उत्तर गृहीत धरू नये.

२००४ची ट्रायल या सगळ्यांत सरळ आहे. फ्लूची लक्षणं सुरू होऊन ४८ तास झाले नाहीत असे ६० रुग्ण. १५ मिलिलिटर सिरप, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. सिरपवाल्यांना सरासरी चार दिवस आधी बरं वाटलं. चार दिवस हा फारच मोठा फरक आहे. फ्लूवरच्या मान्यताप्राप्त औषधाने, म्हणजे ऑसेल्टामिविरने, निरोगी प्रौढांमध्ये आजार साधारण एखाद्या दिवसाच्या आसपासच कमी होतो. तेव्हा ६० जणांवरच्या ट्रायलमध्ये चार दिवसांचा फरक दिसला की आनंदाआधी मनात शंका यायला हवी. लहान ट्रायलमध्ये योगायोगाचे झोके मोठे असतात, आणि मोठे झोकेच छापून येण्याची शक्यता जास्त असते.

२००९ची ट्रायल सिरपवर नाहीच, चघळायच्या गोळ्यांवर आहे. आणि २०१६ची कॅप्सूलवर. तिच्यात आधी विचारलेला मुख्य प्रश्न होता, सर्दी टळते का? १७ विरुद्ध १२, पी-व्हॅल्यू ०.४. म्हणजे तसा पुरावा नाही. मग आजारपणाचे दिवस मोजले : प्लासिबो गटात ११७, एल्डरबेरी गटात ५७, पी-व्हॅल्यू ०.०२. 'आजारपण निम्म्यावर' असं इथून वाचलं जातं. पण हे सगळ्या आजाऱ्यांचे मिळून दिवस आहेत. भागाकार करा. ११७ भागिले १७ म्हणजे साधारण ६.९. ५७ भागिले १२ म्हणजे ४.७५. एका आजारपणामागे फरक दोन दिवसांचा. उरलेली घट आजारी कमी पडल्यामुळे दिसते, आणि 'कमी पडले' हे तर सिद्धच झालेलं नाही.

दोन दिवस कमी झाले असतील तरी चांगलंच आहे की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण आता चौघांना एका ओळीत उभं करा. दोन फ्लूवरच्या ट्रायलमध्ये सिरप, एकीत गोळी, आणि सर्दीवरच्या ट्रायलमध्ये कॅप्सूल. तिघींमध्ये आजार झाल्यावर सुरू केलेला उपाय, एकीत आजार होण्याआधीपासून. या चौघांची सरासरी काढली तर ती कशाची सरासरी? आंबा, आमरस, आंबापोळी आणि लोणचं यांची सरासरी गोडी काढल्यासारखं ते होतं. आकडा येईल, पण तो कुणाच्याच ताटातला नसेल.

'जास्त सुरक्षित पर्याय' हे कुठून आलं?

माझा या मेटा-ॲनालिसिसवर सगळ्यात मोठा आक्षेप या एका वाक्यावर आहे. दोन कारणं.

पहिलं : चारही ट्रायलमध्ये तुलना प्लासिबोशी आहे. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाशी एकीतही नाही. जी तुलना केलीच नाही तिचा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरं : सुरक्षिततेसाठी ८९ माणसं पुरत नाहीत. इथे एक छोटा नियम लक्षात ठेवा, व्हायवामध्येही उपयोगी पडेल. एखाद्या गटात 'न' माणसं असतील आणि त्यातल्या एकालाही गंभीर त्रास झाला नसेल, तर त्या त्रासाचं खरं प्रमाण ९५ टक्के खात्रीने '३ भागिले न'पर्यंत असू शकतं. याला तीनचा नियम म्हणतात. ३ भागिले ८९ म्हणजे सुमारे ३.४ टक्के. म्हणजे ८९ पैकी कुणालाही काही झालं नाही असं धरलं, तरी दर तीस माणसांत एकाला त्रास होण्याची शक्यता हा डेटा नाकारू शकत नाही. तीसात एक हे प्रमाण सर्दीच्या औषधाला कुणी 'सुरक्षित' म्हणेल का?

हा केवळ तांत्रिक वाद नाही. फ्लूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. दमा असलेला माणूस, गरोदर बाई, सत्तरीतले आजोबा, यांच्यासाठी ते दोन दिवस मोलाचे असतात. 'सुरक्षित पर्याय' हे तीन शब्द वाचून कुणी ते दोन दिवस सिरपच्या भरवशावर घालवले, तर त्याची किंमत लेखकांना मोजावी लागत नाही.

मग २०२० साली काय झालं?

तटस्थ ट्रायलची गरज होती असं वर म्हटलं. ती अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी केली. इमर्जन्सी विभागात आलेले, तपासणीत फ्लू नक्की झालेले, पाच वर्षांवरचे रुग्ण. ८७ जणांनी ट्रायल पूर्ण केली. एल्डरबेरी गटात आजार सरासरी ५.३ दिवस, प्लासिबो गटात ४.९ दिवस. पी-व्हॅल्यू ०.५७. फायदा दिसला नाही.

इथेच तुमची परीक्षा आहे. याच पेपरमध्ये आणखी एक निकाल आहे : ज्यांनी ऑसेल्टामिविर घेतलं नाही, त्यांच्यात एल्डरबेरी घेणारे उलट दोन दिवस जास्त आजारी राहिले. एल्डरबेरीवर टीका करायची असेल तर हा निकाल फारच मोहात पाडणारा आहे. पण हे विश्लेषण आधी ठरवलेलं नव्हतं, डेटा हातात आल्यावर केलेलं होतं, आणि तेही एका छोट्या उपगटावर. विमानवाल्या ट्रायलचे २९ जण आपण ज्या कारणाने बाजूला ठेवले, साधारण त्याच काळजीने हा निकालही बाजूला ठेवावा लागतो. आपल्या मताच्या विरुद्ध निकालाला एक माप आणि बाजूच्या निकालाला दुसरं माप, असं केलं की टीका संपते आणि वकिली सुरू होते.

२०२१मध्ये आलेल्या एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा सूर बराच सावध आहे : थोडा फायदा असू शकेल, पण ट्रायल लहान आहेत आणि पुरावा अनिश्चित आहे. अशा निष्कर्षाची बातमी होत नाही. पण आपल्या कामाच्या दृष्टीने तोच बरा निष्कर्ष.

बाटली वेगळी, पातेलं वेगळं

आतापर्यंत आपण आकड्यांशी भांडलो. पण या सगळ्या संशोधनावरचा माझा मूळ आक्षेप आकड्यांवर नाही. तो 'एल्डरबेरी' या शब्दावर आहे.

ट्रायलमध्ये तपासलं गेलं ते कारखान्यात बनवलेलं ठराविक सिरप, ठराविक गोळी, ठराविक कॅप्सूल. घरी केलेलं पातेलंभर सिरप एकाही ट्रायलमध्ये नाही. पाणी किती, उकळलं किती वेळ, फळं किती पिकलेली, सगळं घरोघरी बदलतं. तरीही निकाल सांगताना शब्द एकच : एल्डरबेरी. मग घरी सिरप करणाऱ्याला वाटतं, आपल्या बाटलीमागेही ते १८० जण उभे आहेत. ते नाहीत.

आणि काय तपासलं ते नेमकं न लिहिण्याचा परिणाम कधीकधी दवाखान्यात दिसतो. ऑगस्ट १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे भागात एका मेळाव्याला २५ जण जमले होते. त्यांच्यासाठी तिथल्याच रानातली एल्डरबेरी आणून रस काढला होता. ही तिकडची स्थानिक जात होती. फळं चिरडताना पानं आणि देठंही त्यात गेली, आणि रस शिजवला नव्हता. तो पिऊन ११ जण आजारी पडले, पोट बिघडलं, चक्कर आली, आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. पाच ग्लास प्यायलेल्या एका व्यक्तीला दाखल करून घ्यावं लागलं. अमेरिकेच्या सीडीसीने पुढच्या वर्षी आपल्या साप्ताहिक अहवालात याची नोंद केली.

रसायनशास्त्र बघा. एल्डरच्या पानांत, देठांत, सालीत आणि कच्च्या फळांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचं सायनोजेनिक ग्लायकोसाइड असतं. अख्ख्या पानात ते आणि त्याला तोडणारं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरडलं की दोघांची गाठ पडते, साखर सुटी होते, आणि उरलेल्या भागातून बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस. म्हणजे झाकण न ठेवता नीट उकळलं तर ते वाफेबरोबर उडून जातं.

आता जुनी घरगुती कृती आठवा : देठ काढा, पिकलेलीच फळं घ्या, शिजवा. तिथे 'का' लिहिलेलं नाही. पण प्रत्येक पायरी काहीतरी सांभाळते आहे. घरगुती औषधांवर काम करताना 'आजीबाईचा बटवा' म्हणून हसणारे आणि त्याच बटव्यापुढे हात जोडणारे, दोघंही ही एक गोष्ट विसरतात : कृती हीच माहिती आहे. वनस्पतीचं नाव लिहून कृती गाळली, की नेमकी कामाची गोष्ट गळाली.

जिथे काम नीट झालं : रानगुलाबाची फळं

हे सगळं वाचून असं वाटेल की रानातल्या फळांचं औषध म्हणजे सगळा गोंधळच. तसं नाही. याच कुंपणांतल्या, याच ऋतूतल्या दुसऱ्या फळाची गोष्ट बघा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्र्यांची आयात आटली. लहान मुलांना क जीवनसत्त्व कुठून द्यायचं? रानगुलाबाची लाल फळं, म्हणजे रोझहिप, तपासली गेली. १०० ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅम असतं, या फळांत कित्येक शे मिलिग्रॅम. १९४१पासून शाळकरी मुलं आणि महिला मंडळं शरद ऋतूत ही फळं गोळा करू लागली, शेकडो टन, आणि कारखान्यांत त्यांचं सिरप बनू लागलं. घरी करणाऱ्यांसाठी अन्न मंत्रालयाने १९४३च्या पत्रकात कृतीही दिली.

ती कृती मेथडॉलॉजीच्या नजरेने वाचा. सुमारे ९०० ग्रॅम फळं जाडसर दळा आणि लगेच उकळत्या पाण्यात टाका, शक्यतो थेट पाण्यातच दळा. का? फळ चिरडलं की त्यातलं एन्झाइम क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडेशन सुरू करतं. उकळतं पाणी त्या एन्झाइमला तिथेच निकामी करतं. पुन्हा उकळी आली की आच बंद करा आणि १५ मिनिटं ठेवा, कारण जास्त उकळणंही क जीवनसत्त्वाला मानवत नाही. कापडातून गाळा, आणि पहिलं अर्धा कप पाणी परत त्याच कापडातून जाऊ द्या. का? फळाच्या आत बारीक, टोचरे केस असतात, ते घशाला त्रास देतात. छोट्या बाटल्यांत भरा, कारण उघडल्यावर एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. अंधाऱ्या कपाटात ठेवा.

फळं तीच, पातेलं तेच, चूल तीच. फरक कुठे पडला? दावा लहान ठेवला होता. 'प्रतिकारशक्ती वाढते' असं नाही, 'यात क जीवनसत्त्व आहे' एवढंच. दावा लहान असल्यामुळे तो मोजता आला. डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉलचं टायट्रेशन आपल्यापैकी अनेकांनी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला केलंय, निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटकडे बघत बसायचं ते. त्या जातीच्या मापनानेच हे काम होतं. मोजता आलं म्हणून कृती सुधारता आली आणि प्रत्येक बाटलीत किती आहे याची हमी देता आली. एल्डरबेरीच्या बाबतीत क्रम उलटा झाला. दावा आधी मोठा केला, आणि त्या दाव्यामागे नेमकं कोणतं द्रव्य, किती, हे ठरलंच नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

घरगुती किंवा वनस्पतीजन्य औषधांवर विषय घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. करवंद, जांभूळ, आवळा, अडुळसा. त्यांच्यासाठी काही सरळ प्रश्न. २००६मध्ये हर्बल औषधांच्या ट्रायल कशा लिहाव्यात यासाठी कॉन्सॉर्टची पुरवणी आली, तिचा गाभाही साधारण हाच आहे.

तुमच्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव काय, आणि नमुना ओळखून कुणी दिला? कोणता भाग, कोणत्या अवस्थेत, कोणत्या महिन्यात तोडला? किती फळाला किती पाणी, किती वेळ, झाकण होतं की नव्हतं? शेवटच्या द्रवात तुम्ही कोणतं एक द्रव्य मोजणार आहात? आणि लोक घरी जे करतात तेच तुम्ही तपासताय, की प्रयोगशाळेत इथेनॉलने काढलेला अर्क? दुसरं असेल तर शीर्षकात 'पारंपरिक काढा' असं लिहू नका. गाईडने आग्रह केला तरी.

वाचनासाठी एकच सांगतो. पुढच्या वेळी मेटा-ॲनालिसिस उघडलीत की निष्कर्षाकडे जायच्या आधी एकूण सहभागींचा आकडा एका कागदावर लिहा, त्याखाली एकेक ट्रायल मांडा आणि बेरीज करा. जुळली, तर प्रत्येक आकड्यासमोर लिहा : यांना नेमकं काय दिलं होतं? सिरप, गोळी, कॅप्सूल, काढा, जे असेल ते. हा तक्ता करायला एक दुपार जाते. चार ओळींचाच असतो, पण तुमच्या रिव्ह्यूच्या प्रकरणात त्या चार ओळींइतकं तुमचं स्वतःचं दुसरं काही नसेल.

तुम्ही वाचत असलेल्या विषयातली अशी एखादी मेटा-ॲनालिसिस असेल तर तिचा तक्ता करून खाली कमेंटमध्ये टाका. बेरीज न जुळलेली असेल तर आधी टाका.